तीन सेंटिमीटरची मुदत

आमच्या घरात नावे ठेवण्याचे काम गेली चाळीस वर्षे माझ्याकडे आहे. लग्नपत्रिकेत तिथी चुकवणारे, दुकानाच्या पाटीवर ‘शुद्ध’ हाच शब्द अशुद्ध लिहिणारे, रांगेतल्या माणसाला ‘थांबा जरा’ म्हणून आत चहा पीत बसणारे, या सर्वांना मी यथाशक्ती आणि बहुतेक वेळा लेखी नावे ठेवली आहेत. परंतु आठ वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातल्या पालम गावच्या आमच्या घराच्या फाटकाशी येऊन बसलेल्या तांबड्या कुत्रीला मात्र आम्ही एकही नाव ठेवले नाही. ती आली तेव्हा तिला हाकलण्याविषयीचा अर्ज मी लिहायला घेतला होता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. तिसरी ओळ लिहीत असताना तिने माझ्या चपलेवर हनुवटी टेकली आणि अर्ज अपुरा राहिला. पत्नी तिला ‘ये माय’ म्हणून भाकरी घाली. मी नुसते ‘अगं’ म्हणे. ‘अगं’ म्हटले की दोघीही माझ्याकडे बघत. त्यांतली एक शेपटी हलवी.

गाठ प्रथम पत्नीच्या हाताला लागली. हिवाळ्यातली सकाळ होती, कुत्री अंगणातल्या उन्हात पाठीवर पडली होती आणि पत्नी तिच्या पोटावरून हात फिरवीत होती.

“अहो, इकडं बघा की. मायच्या पोटाला हरभऱ्याएवढं कायतर लागायलंय.”

मी चष्मा लावून पाहिले. उजव्या ओळीतल्या मागच्या स्तनाशी, कातडीखाली, बोटाने सरकवला तर सरकणारा एक दाणा होता. दुखत नसावा, तिने माझा हात चाटला.

आमच्या गावात जनावरांची औषधे विकणारा एक दुकानदार आहे. त्याच्यापाशी पदवी नाही, पण सल्ला भरपूर आहे. त्याने गल्ल्यावरून न उठता, हात न लावता निदान केले: “दुधाची गाठ हाय काका. मलम लावा, बसून जाईल.” आम्ही दहा दिवस मलम लावले. गाठ बसली नाही. येथे शहाण्या माणसाने कुत्रीला उचलून पदवीधर डॉक्टरकडे नेले असते. मी दुकानदाराला नोटीस पाठवली.

नोटीस चांगली झाली होती. अनधिकृत सल्ला, त्यामुळे वाया गेलेला काळ, मुक्या प्राण्यास झालेला उपद्रव, असे सर्व मुद्दे क्रमाने मांडून पंधरा दिवसांच्या आत लेखी खुलासा करावा असे मी बजावले होते. त्यानंतर माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक मी पूर्ण शुद्धीत केली. न्यायालयात लिपिक म्हणून तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी ठोकलेली असते: प्रकरण चालू असताना मुद्देमालाला हात लावायचा नसतो. गाठ हाच माझा पुरावा होता. ती दुसऱ्या कोणी कापून टाकली तर दुकानदार उद्या म्हणणार, गाठ नव्हतीच, नव्हे, असलीच तर दुधाचीच होती. तेव्हा त्याचा खुलासा येईपर्यंत वस्तुस्थिती जशी आहे तशी राहिली पाहिजे.

“कागद मागून लिवा,” पत्नी म्हणाली. “आधी हिला परभणीला दाखवून आणू.”

“मुदत संपू दे.”

“कुणाची मुदत?”

तिने हे सरळ मनाने विचारले होते. मला त्यातला दुसरा अर्थ ऐकू आला नाही, कारण मी स्मरणपत्राचा मसुदा करीत होतो.

पंधरा दिवस गेले. स्मरणपत्राचे सात गेले. पत्नी रोज सकाळी कुत्रीच्या पोटाला हात लावी आणि तक्रारीचा सूर न लावता मला वर्दी देई. हरभऱ्याचा वाटाणा झाला, वाटाण्याचे बोर झाले. मुद्देमाल जशाच्या तसा राहण्यास तयार नव्हता.

अखेर तो दुकानदार मला बसस्थानकासमोर भेटला. कुठल्याही लाजेविना हात जोडून म्हणाला, “काका, तुमचं अक्षर लय भारी हाय बघा. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं मी. खुलासा काय द्यायचा असतो ते मला म्हाईत न्हाई. तुमीच लिवून द्या की, सही मी करतो.”

मी तडक घरी आलो. तिसरे पत्र कसे सुरू करायचे याचे शब्द वाटेत जुळवले होते. फाटकाशी शेजारच्या रिक्षावाल्याची रिक्षा उभी होती आणि आत पत्नी, मांडीवर शालीत गुंडाळलेली कुत्री घेऊन, बसली होती.

“तुमी लिवत बसा,” ती म्हणाली. “आमी दोघी परभणीला जायलोत.”

मी तिच्या शेजारी बसलो.

रिक्षावाला बोलका माणूस. “कुत्रीसाठी परभणी? काका, आपल्या गल्लीत माणसं दुखणं अंगावर काढायलीत.”

“रिक्षा चालव. मत मागितलेलं नाही.”

“चालवायलोय की. मत फुकट हाय.”

पण खड्डा आला की तोच आधी ओरडे, “धरा तिला, काकू!” आणि परभणीत शिरल्यावर दुचाक्यांच्या गर्दीतून त्याने आम्हांला असे नेले, की जणू आत कुत्री नसून काचेचे सामान असावे.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण बाई होत्या. वळूला सलाईन लावून आल्या होत्या; बाहीवर शेण होते, ते पुसण्याची त्यांना घाई नव्हती. केसपेपर भरताना त्यांनी विचारले, “नाव?”

“माय,” पत्नी म्हणाली.

“मावशी, तुमचं नाही, कुत्रीचं.”

“तिचंच सांगायलेय.”

माय, मादी, देशी, अंदाजे आठ वर्षे. नसबंदी: नाही. या रकान्यापाशी डॉक्टर थोड्या थांबल्या. पहिल्या माजाआधी ती झाली असती तर अशा गाठीचा धोका फार कमी झाला असता, असे त्या म्हणाल्या. पण ती आमच्याकडे आली तेव्हाच वयात आलेली होती, असे मी ताबडतोब नोंदवायला लावले. त्यांनी निमूट लिहिले. मग त्यांनी खिशातून एक लोखंडी मोजपट्टी काढली. सोनाराकडे किंवा गिरणीच्या कारागिराकडे असते तशी, दोन जबड्यांची. गाठ त्या जबड्यांत धरली.

“तीन पूर्णांक एक दशांश सेंटिमीटर.”

“म्हणजे?”

“मोठी नाही. पण तीनच्या आत असती तर पुढचा अंदाज जरा बरा धरतात.”

मी विचारले, “मापात कातडी धरली आहे का?”

“वरूनच मोजणार ना काका.”

“मग कातडी वजा करा. कातडी हा रोगाचा भाग नाही.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. हसल्या मात्र नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने आजही सांगतो. त्यांनी पुन्हा, अधिक हलक्या हाताने, मोजले. “तीन.”

“तीन म्हणजे आत की बाहेर?”

“काठावर.”

काठावर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होते. अपिलाची मुदत एका दिवसाने चुकलेली माणसे मी खिडकीतून परत पाठवली आहेत. ‘काल आला असतात तर’ हे वाक्य मी किती वेळा आणि किती कोरड्या आवाजात उच्चारले असेल, याची मोजदाद नाही. ती गाठ वाटाण्याएवढी असताना मी स्मरणपत्रातल्या एका क्रियापदावर अर्धा दिवस घालवला होता. आता मला एकच गोष्ट हवी होती: ही कुत्री किती जगेल, आणि माझ्या त्या बावीस दिवसांनी तिचे किती दिवस खाल्ले. हे कोणीतरी मला आकड्यात सांगावे.

छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसे स्वच्छ होती. जांघेतली रसग्रंथी चाचपून पाहिली. रोग पसरला तर पहिला तिथे पोहोचतो, असे डॉक्टरांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. उजव्या ओळीतले स्तन त्या ग्रंथीसह काढले. टाके चाटू नयेत म्हणून अंगावर काहीतरी घालावे लागते. पत्नीने माझा न्यायालयात घालायचा पांढरा सदरा काढला, बाह्या कापल्या, आणि गुंड्या पाठीवर येतील असा तो कुत्रीला चढवला. पुढचे दोन आठवडे ती आमच्या अंगणात कमालीच्या गांभीर्याने वावरत होती. गल्लीतले लोक तिला ‘कोर्टाचे शिरस्तेदार’ म्हणू लागले. मी असताना म्हणत नसत.

शस्त्रक्रियेच्या त्याच संध्याकाळी चारठाण्याहून पत्नीच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. पत्नीने सांगितले की सगळे नीट झाले, आता पेशी मोठ्या शहरात पाठवल्या आहेत, निकाल यायला वेळ लागेल.

पलीकडून जो हंबरडा आला तो मलाही ऐकू आला. “पेशी? अगं माय, कुणाला चावली?”

आमच्या भागात, निजामाच्या काळापासून, पेशी म्हणजे आधी न्यायालयातली तारीख. शरीराचा सर्वांत बारीक कण हा त्या शब्दाचा अर्थ शाळेच्या पुस्तकात राहतो. घरात ‘आज पेशी हाय’ म्हटले की माणूस धोतर बदलतो.

“कुणाला न्हाई चावली, आक्का.”

“मग केस कशाची? मी म्हणलं नव्हतं? त्यांच्या त्या कागदापायी मुकं जनावर बी कोर्टात उभं केलं की गं! वकील तरी बरा दिलाव का?”

पत्नी हसता हसता खाली बसली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. मी फोन घेऊन आक्कांना दोन्ही अर्थ व्युत्पत्तीसह समजावून सांगितले. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, “बरं. पण तारीख कवाची हाय?”

अहवाल आला तो पाकिटात नव्हे, डॉक्टरांच्या फोनवर. त्यांनी तो छापून माझ्या हातात दिला. एक पान. तळाशी दोन वाक्ये होती, ती मी मराठीत देतो. पहिले: निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावेत. दुसरे: हा अहवाल न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही. ज्या कागदाला स्वतःच्याच शब्दाची जबाबदारी नको, तो कागद एका जिवाविषयी बोलतोच कशाला? मी तिथेच खिशातून पेन काढले.

“काका, आधी वरचं वाचू या,” डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावले. गाठीतल्या पेशी तीन बाबतींत बघतात. दुधाच्या नळ्या बांधायचे मूळ काम त्यांना आठवते का. त्या एकमेकींसारख्या दिसतात का. आणि किती भराभर दुणावत आहेत. प्रत्येक बाबीला गुण, बेरजेवरून दर्जा. पहिला दर्जा बरा, तिसरा वाईट.

“आणि हिचा?”

“दुसरा. पण रसग्रंथीत काही सापडलं नाही. ही चांगली गोष्ट आहे.”

“म्हणजे किती दिवस?”

“काका, अशा शंभर कुत्र्या असतील तर त्यांचं साधारण काय होतं, ते मी सांगू शकते. हिचं एकटीचं नाही सांगू शकत.”

“मला शंभर कुत्र्या नकोत. माझी एक आहे.”

“म्हणूनच दर तीन महिन्यांनी आणा. बघत राहू.”

हे वाक्य माझ्या ओळखीचे होते, आणि ओळख पटताच पेन माझ्या हातात तसेच राहिले. न्यायालयाच्या व्हरांड्यात बगलेत छत्री आणि पिशवीत भाकरी घेऊन येणारी माणसे माझ्या खिडकीशी वाकून हेच विचारीत: “साहेब, निकाल काय लागंल?” जमिनीचा तुकडा असे, सुनेची पोटगी असे. मी मान वर न करता सांगत असे: ते सांगता येत नाही, पुढच्या पेशीला या. माझे उत्तर नियमाला धरून होते. परंतु त्यांतल्या एकाही माणसाला मी कधी खुर्ची दिली नव्हती.

पत्नी बाहेर कुत्रीपाशी होती. मी डॉक्टरांना खालच्या आवाजात माझा प्रश्न विचारला. हरभऱ्याएवढी होती त्याच आठवड्यात आणली असती तर?

खोटे बोलणे सोपे होते आणि मी ते मान्यही केले असते.

“लहान असताना काढलेली केव्हाही बरी,” त्या म्हणाल्या. “पण दर्जा तेव्हाही हाच असता, असं असू शकतं. हिच्यापुरतं मला खरंच माहीत नाही.”

संशयाचा फायदा देऊन सोडलेला आरोपी निर्दोष नसतो, हे मला ठाऊक आहे. परतीच्या रिक्षात मी सर्व पत्नीला सांगितले. दर्जा, रसग्रंथी, आणि माझा प्रश्न. शेवटी म्हणालो, “चूक माझी आहे. ती मी लिहून ठेवणार आहे.”

ती बाहेर बघत होती. कुत्री सदऱ्यासकट तिच्या मांडीवर झोपली होती.

“मी रोज हात लावून बघत होते की,” ती म्हणाली. “रोज वाढायली होती. मला रिक्षा बोलावता येत नव्हती का? पण म्हणलं, ह्यांनी कागद घातलाय, म्हणजे व्हईल कायतर. तुमच्या कागदावर तुमच्यापरीस माझाच भरोसा जास्त.” कुत्रीच्या सदऱ्याची गुंडी नीट करीत ती म्हणाली, “सगळं एकट्याच्या नावावर कशाला लावून घ्यायलाव?”

रिक्षावाल्याने, ज्याला या विषयावरही मत असणार, त्या दिवशी नुसते खड्डे चुकवले.

त्या गोष्टीला आता दीड वर्ष होत आले. दर तीन महिन्यांनी आम्ही जातो. डॉक्टर चाचपतात, छातीचे चित्र काढतात, आणि पुढचा महिना केसपेपरवर लिहितात. दर रविवारी अंघोळीनंतर कुत्री उन्हात पाठीवर पडते. उजव्या बाजूचा व्रण मी तपासतो, डाव्या बाजूची ओळ पत्नी. कुत्रीचा असा समज आहे की हा तिच्या कौतुकाचा कार्यक्रम आहे, आणि तो समज दुरुस्त करण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. तिला ज्वारीच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा लागतो. पत्नी तो हल्ली मुद्दाम करपवते.

गेल्या रविवारी पत्नीचे बोट डाव्या ओळीत थांबले. ते पुढे सरकले, परत आले, पुन्हा थांबले. तिने माझा हात धरून तिथे नेला. ज्वारीच्या दाण्याएवढे काहीतरी होते; किंवा नव्हतेही. मी दुसऱ्यांदा दाबून पाहिले नाही. पायांत चप्पल घातली आणि शेजारी जाऊन रिक्षावाल्याला जेवणावरून उठवले. “हात तरी धुऊ द्या काका,” तो म्हणाला, आणि हात धुता धुता किल्ली शोधू लागला.

रविवार असूनही डॉक्टर आल्या. ती लोखंडी मोजपट्टी निघाली. या खेपेस कातडीचा मुद्दा मी उपस्थित केला नाही.

“अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “पेशी बघितल्याशिवाय काय आहे ते सांगता येणार नाही. उद्याच काढून टाकू.” पत्नीने पदराने कुत्रीचे डोळे पुसले, कुत्रीच्या डोळ्यांत काही नव्हते. मी टेबलाच्या कडेला उभा होतो, आणि दीड वर्षापूर्वीचा तोच ‘म्हणजे किती दिवस?’ हा प्रश्न माझ्या जिभेवर अगदी टोकाला येऊन बसला होता.

डॉक्टरांना आता माझी सवय झाली आहे. केसपेपर पुढे ओढून त्यांनी पेन उघडले. “बोला काका. आज काय काय लेखी हवंय?”

कुत्रीने टेबलावरूनच मान वळवली आणि हनुवटी माझ्या मनगटावर ठेवली. जड होती, गरम होती.

“उद्या किती वाजता आणायचं,” मी म्हणालो, “तेवढं लिहून द्या.”